आठ चिन्हांचा संसार

आमच्या बँकेत काटकसरीचं परिपत्रक आलं की पहिली गदा टाचण्यांवर येते. त्यामुळे 'काटकसर' हा शब्द ऐकला की मी सावध होतो.

परवा चिरंजीवांनी मला संगणकाची एक भाषा दाखवली. तिच्या नावाचा पूर्वार्ध 'ब्रेन' आहे. उत्तरार्ध सासुरवाडीत उच्चारण्याजोगा नाही. १९९३ साली उर्बान म्यूलर या स्विस विद्यार्थ्याने ती अमिगा संगणकावर रचली. हट्ट एकच : कंपायलर, म्हणजे आपलं लिखाण यंत्राच्या बोलीत उतरवणारा दुभाषी, जमेल तितका लहान करायचा. त्याच वर्षी वाउटर फान ओर्टमर्सेन यांनी आपल्या 'फॉल्स' भाषेचा कंपायलर १०२४ बाइटांत बसवला होता. म्यूलरने आपला २४० बाइटांत कोंबला. एक बाइट म्हणजे एक रोमन अक्षर धरा. माझा रजेचा अर्जसुद्धा याहून लांब असतो!

भाषेत चिन्हं आठच. समोर ३०,००० कप्प्यांची रांग. दोन चिन्हांनी डावी-उजवीकडे सरकायचं, दोहोंनी कप्प्यातला आकडा एकाने वाढवायचा-घटवायचा, दोहोंनी वाचायचं-छापायचं. उरलेले दोन कंस. त्यांच्यातलं काम कप्पा शून्य होईपर्यंत पुन्हापुन्हा चालतं. कप्पे हवे तितके दिले, तर एवढ्यावर कुठलाही हिशेब होतो म्हणे.

रोमन 'ए'चा क्रमांक ६५. मी सरळमार्गी माणूस. ओळीने अधिकची चिन्हं मांडली आणि शेवटी टिंब दिलं. पडद्यावर आलं ते ई-मेलच्या पत्त्यातलं वेटोळं! चिन्हं चौसष्टच भरली होती. कॅशमधल्या एका रुपयासाठी मी रात्री नऊपर्यंत बसलेला आहे. पण तिथे निदान व्हाउचर तरी असतात. इथे नुसतं अधिक, अधिक, अधिक.

"बाबा, तेराची पाच आवर्तनं करा ना कंसात," चिरंजीव म्हणाले.

करतो की! पण कंपायलरचं वाचलेलं काम पडलं कुणाच्या गळ्यात? माझ्याच ना? हेड ऑफिसची टाचणी वाचते आणि पंख्याखाली उडालेले कागद काउंटरवरचा कारकून गोळा करतो, त्यातलाच हा प्रकार.

रात्री साडेअकराला 'ए' उमटला. मी ओरडलोच.

"अहो, एका अक्षरासाठी एवढी रात्र?" सौ. म्हणाली.

खरंय. कामाला ही भाषा कुचकामीच. पण यंत्राचं किती थोडक्यात भागतं, हे तिने मला एका बैठकीत शिकवलं. शिवाय म्यूलरने ती कुणावर परिपत्रक काढून लादली नाही. म्हणून त्याला माफ. हेड ऑफिसला नाही.