इंकस्केपचे धडे आणि दुसऱ्याची फाइल

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पातील इंकस्केपची मालिका मी ग्राफिक डिझाइनच्या प्रात्यक्षिकांत वापरतो. भारतीय भाषांतील निवेदन, साधारण दहा मिनिटांचा एक धडा, पडद्याच्या अर्ध्या भागात चित्रफीत आणि उरलेल्या अर्ध्यात सॉफ्टवेअर, अशी तिची मांडणी आहे. त्यामुळे ‘सर, हे बटण कुठे आहे?’ हा प्रश्न प्रयोगशाळेतून जवळजवळ हद्दपार झाला. परवान्याचा खर्च नसल्याने घरच्या जुन्या लॅपटॉपवरही सराव होतो. हे सारे मान्य करूनच पुढील टीका करीत आहे.

मालिकेत कापडासाठी वारली नक्षी करण्याचा धडा आहे. तो संपला की प्रयोगशाळेतल्या सगळ्या पडद्यांवर एकसारखी नक्षी दिसते. आकार काढणे, त्यांच्या प्रती करणे, त्या ओळीत लावणे सर्वांना जमलेले असते. मात्र ‘दोन आकृत्यांत एवढेच अंतर का ठेवले?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. धड्यात तेवढे होते, म्हणून ठेवले. वास्तविक वारली लग्नातला चौक सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने मिळून काढतात. तीच कला आपण प्रत्येकाच्या कानाला हेडफोन लावून शिकवतो!

उपाय म्हणून मी चौघाचौघांचे गट केले. पहिल्या वर्षी तो प्रयोग फसला, आणि चूक माझी होती. एकाने पोस्टर केले, एकाने छापून आणले, उरलेल्या दोघांनी पहिल्या पानावर नावे लिहिली. ही कामाची वाटणी झाली, सहयोगी अध्ययन नव्हे.

पुढच्या वर्षी एकच नियम बदलला. अर्धवट झालेली फाइल दुसऱ्या गटाला द्यायची आणि त्यांची आपण पुरी करायची. काय ठेवले, काय बदलले आणि का, हे अर्ध्या पानात लिहायचे. रक्तदान शिबिराच्या एका पोस्टरवर ‘शिबीर’ असे छापले होते. दुरुस्त करायला गेलेल्या गटाला कळले की अक्षरे आधीच वक्ररेषांत बदललेली आहेत, म्हणजे टंकलेखन करून सुधारता येत नाहीत. थर वेगळे नाहीत, वस्तूंना नावे नाहीत. दोन गटांत चांगलीच जुंपली. पहिल्या गटाचे म्हणणे, ‘तुमच्या संगणकावर आमचा फॉन्ट नसता, तर अक्षरे बिघडली असती.’ मुद्दा रास्त होता. पण त्यांनी वापरलेला ‘मुक्ता’ हा एक टाइप या संस्थेचा फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहे. तो फाइलसोबत द्यायला कोणाची हरकत नव्हती. परवाना म्हणजे काय, हे त्या भांडणात जेवढे समजले तेवढे माझ्या दोन तासिकांत समजले नव्हते.

मुक्त साधने निवडताना आपण बहुधा ती फुकट आहेत एवढेच पाहतो. इंकस्केपची एसव्हीजी फाइल साध्या मजकूर संपादकातही उघडता येते आणि दुसऱ्याने काम कसे रचले ते वाचता येते. अध्यापनात मला हा गुण अधिक मोलाचा वाटतो. मात्र फाइल मजकूररूप आहे म्हणून दोघांचे बदल गिटने आपोआप जुळतील अशी आशा नवशिक्यांनी धरू नये. एक आकृती जरा सरकवली तरी फाइलमध्ये बरेच काही बदलते. आळीपाळीने काम करणे बरे.

साधनांच्या मर्यादाही लपवू नयेत. इंकस्केपचे काम आरजीबी रंगांत चालते, तर छापखान्याला सीएमवायके लागते. पडद्यावरचा झगझगीत लाल कागदावर मंद होतो. त्यासाठी शेवटचा टप्पा स्क्रायबसमध्ये करावा. जुन्या १.४ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे मोडत. २०२४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये ती नीट दिसतात, म्हणून प्रयोगशाळेतली आवृत्ती आधी तपासावी.

मालिकेत एक भर हवी: मुद्दाम चुका ठेवलेली, कोणीतरी अर्धवट सोडलेली फाइल, आणि ती दोघांनी मिळून दुरुस्त करण्याचा स्वाध्याय. गुणांकनाचा प्रश्न मात्र माझ्याकडूनही सुटलेला नाही. प्रात्यक्षिकाच्या गुणपत्रकात रकाना एकेका विद्यार्थ्याचा असतो. ते पोस्टर दुरुस्त करणाऱ्या गटाला मी पूर्ण गुण दिले. मूळ आराखडा ज्या मुलीचा होता तिने विचारले, ‘सर, मग माझे किती?’ तिचे गुण मी अंदाजानेच भरले.