जुन्या चित्राला नवें गीत

इंग्लंडांत २००७ सालीं निघालेल्या कॅडबरीच्या जाहिरातींत चॉकलेटच्या चवीविषयीं चकार शब्द नाहीं. गोरिलाचा वेष घेतलेला नट फिल कॉलिन्सचें गीत ऐकतो, डोळे मिटतो, दीर्घ श्वास घेतो आणि नेमक्या क्षणीं ड्रमवर तुटून पडतो. पुढील वर्षीं त्याच चित्रावर बॉनी टायलरचें गीत चढविण्यांत आलें. हा बदल आम्हांस रुचला नाहीं. कॉलिन्सच्या मूळ गीतांत खरे ड्रम तीन मिनिटांहून अधिक काळ अडवून धरलेले आहेत. ती प्रतीक्षाच गोरिलाच्या मुद्रेवर उमटली होती. समेची वाट पाहणाऱ्या आमच्या श्रोत्यांस हें निराळें सांगावयास नको! टायलरच्या गीतालाहि स्वतःची भरती आहे, पण ती या चेहऱ्याची नव्हे. त्यामुळें गोरिला निव्वळ विदूषक ठरतो. आवाज बंद करून पाहिलें तरी आम्हांस अद्याप कॉलिन्सचेच ड्रम ऐकूं येतात.