घर कोणी सांगायचे? : समकालीन मराठी कादंबरीतील कुटुंब आणि निवेदनाचा प्रश्न

प्रास्ताविक

कुटुंब व नातेसंबंध या विषयावरील मराठी कादंबऱ्यांची समीक्षा प्रामुख्याने भावसंबंधांच्या अंगाने होत आली आहे. वडील-मुलगा संघर्ष, पती-पत्नीमधील दुरावा, एकाकीपण, तुटलेपण या संज्ञा आपल्या शोधनिबंधांतून वारंवार येतात. हे विवेचन उपयुक्त असले तरी त्यातून एक प्रश्न निसटतो. कादंबरीतील घर आपल्याला कोण सांगते? ज्याच्या तोंडून घर सांगितले जाते, त्याचेच दुःख वाचकाला जवळचे वाटते. इतरांची दुःखे त्याच्या कथेतील प्रसंग होऊन राहतात. प्रस्तुत लेखात निवडक कादंबऱ्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

खानदेशातील घर : ओवी आणि कादंबरी

खानदेशात अखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्याच दिवशी सालदाराचे साल संपते आणि नवे साल ठरते. माया आणि हिशेब एकाच सणात नांदतात. कृषी कुटुंबातील नाते समजून घ्यायचे तर या दोन्ही बाजू एकत्र पाहाव्या लागतात.

हे घर बाईच्या तोंडून सांगणारी परंपरा येथे समृद्ध आहे. जात्यावरची ओवी ही तिची सर्वपरिचित जागा. असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावच्या चौधरी घरात नांदलेल्या बहिणाबाईंनी (१८८०-१९५१) सासर-माहेर, चूल, शेत आणि वैधव्य हे सारे आपल्या बोलीत मांडले. त्यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. अक्षरओळख नसलेल्या एका शेतकरी स्त्रीने घराचा अनुभव स्वतःच्या दृष्टीने सांगितला, ही मराठी साहित्यातील मोठी घटना होय.

त्यानंतर खानदेशाने मराठीला दिलेली महत्त्वाची कादंबरी म्हणजे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३). पांडुरंग सांगवीकर आणि त्याचे वडील यांच्या संबंधांत पैसा सतत मध्ये उभा असतो. मुलाने पुण्यात केलेला खर्च हा तेथे नात्याचाच एक भाग आहे. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचा भाग तर मराठी कादंबरीतील शोकाच्या उत्कृष्ट चित्रणांपैकी एक मानावा लागेल. मात्र मनी आपल्याला दिसते ती पांडुरंगाच्या आठवणीतून. ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीत नेमाडे यांनी स्त्रियांचा फार मोठा गोतावळा उभा केला आहे. आत्या, बहिणी, भावजया यांची गाऱ्हाणी तेथे विपुल आहेत. एवढे असूनही या सर्व आवाजांना वाट मिळते ती खंडेरावाच्या स्मरणातूनच. ओवीत जी सांगणारी होती, ती कादंबरीत सांगितली जाणारी झाली.

‘बारोमास’मधील अलका

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. बुलढाणा परिसरातील शेतकरी कुटुंबाची ही कथा आहे. उच्चशिक्षित एकनाथला नोकरी मिळत नाही, शेती पुरत नाही, आणि या दोहोंचा ताण घरातील प्रत्येक नात्यावर पडतो. शेतीचे अर्थकारण माणसांच्या बोलण्यात कसे उतरते, हे दाखवण्यात या कादंबरीचे सामर्थ्य आहे.

एकनाथची पत्नी अलका शहरी वळणाची आहे. तिला गावात राहणे असह्य होते आणि ती माहेर गाठते. वर्गात ही कादंबरी शिकवताना विद्यार्थी बहुधा तिच्यावर ‘स्वार्थी’ असा शिक्का मारतात. लेखकाने तिची कारणे दडवलेली नाहीत. नोकरीच्या भरवशावर ठरलेले लग्न आणि तो भरवसा फोल ठरणे, हीसुद्धा एक आर्थिक फसगतच आहे. तरीही कादंबरीचा जीव एकनाथमध्ये गुंतलेला असल्याने त्याची हतबलता आपल्याला शोकांतिका वाटते, तर तिची हतबलता तक्रार वाटते. या फरकाचे मूळ निवेदनाच्या जागेत आहे.

एक आक्षेप

लेखकाने स्वतः अनुभवलेलेच लिहावे, पुरुष लेखकाकडून स्त्रीच्या दृष्टीची अपेक्षा धरू नये, असा आक्षेप येथे घेतला जाईल. मराठी कादंबरीचा इतिहास या आक्षेपाला दुजोरा देत नाही. ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झालेली ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी हरिभाऊ आपट्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात संपूर्णपणे यमूच्या तोंडून सांगितली. अलीकडे सचिन कुंडलकर यांनी ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये एकच घर दोनदा सांगितले आहे. घरी राहायला आलेल्या तरुणावर तनय आणि त्याची बहीण अनुजा या दोघांचे प्रेम जडते. पूर्वार्ध तनयचा, उत्तरार्ध अनुजाच्या रोजनिशीचा. तनयचे निवेदन वाचून वाचक ज्या घराविषयी मत बनवतो, ते मत अनुजाचे लेखन त्याला पुन्हा तपासायला लावते. आपट्यांचे आणि कुंडलकरांचे विश्व शहरी मध्यमवर्गीय आहे, हे खरे. परंतु ही निवेदनरीती ग्रामीण कादंबरीला वर्ज्य असण्याचे कारण नाही.

न लिहिलेले प्रकरण

या उणिवेचा परिणाम केवळ तंत्रापुरता नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्या तारखेपूर्वी विवाह न झालेल्या मुलींपुरती केली. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने तो हक्क सर्व मुलींना मिळाला. विनीता शर्मा प्रकरणातील २०२० च्या निकालाने, २००५ मध्ये वडील हयात असण्याची आवश्यकताही उरली नाही. पिंप्राळ्यासारखी गावे जळगाव शहराला जोडली गेली, शेतांचे प्लॉट पडले, तशी हक्कसोड पत्रावरची बहिणीची सही मोलाची झाली. सही दिली तर माहेर टिकते आणि वाटा मागितला तर अखाजीचे बोलावणे बंद होते, अशी ही कोंडी आहे. भाऊ-बहीण या नात्यातील आजचे सर्वांत खोल नाट्य येथे आहे. मी वाचलेल्या ग्रामीण कादंबऱ्यांत भावाभावांतील वाटणी ठायी ठायी आढळते. बहिणीची सही मात्र क्वचितच कथानकाच्या केंद्राशी येते, आणि ती करणाऱ्या बहिणीच्या तोंडून आलेले निवेदन मला आढळले नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनाचा उद्देश ‘कोसला’ किंवा ‘बारोमास’ यांचे मोल कमी करण्याचा नाही. नाते आणि अर्थकारण यांची गाठ या कादंबऱ्यांनीच आपल्याला दाखवली. मात्र अध्यापनात ‘कौटुंबिक संघर्ष’ या शीर्षकाखाली गुणवैशिष्ट्ये लिहून देण्यापेक्षा, अलकाच्या बाजूने हीच कथा कशी दिसेल, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अधिक फलदायी ठरेल. आपल्या वर्गात बसलेल्या अनेक मुलींवर उद्या त्या कागदावर सही करण्याची वेळ येणार आहे. त्यांच्यापैकी एखादीने ते प्रकरण लिहावे असे वाटत असेल, तर घर सांगण्याचा अधिकार आपलाही आहे, हे तिला प्रथम साहित्याच्या तासाला कळले पाहिजे.