मेसापोटेमिया कमिशनचा अहवाल : एक परीक्षण

पराभवाची चौकशी सरकारनेंच करवून ती छापून प्रसिद्ध करावी, असे प्रसंग इतिहासांत विरळा. पहिल्या महायुद्धांतील इराकच्या मोहिमेवरील कमिशनचा अहवाल त्यांपैकीं एक होय. २९ एप्रिल १९१६ रोजीं कुत-एल-अमारा येथें जनरल टाउनशेंड यानें तुर्कांपुढें शस्त्रें ठेविलीं. सुमारें १३,००० माणसें कैद झालीं. शरण गेलेली फौज पुण्याची सहावी डिव्हिजन. तींत १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. तेव्हां हा ग्रंथ परक्या दप्तरांतील म्हणून आम्हांस बाजूस सारतां येत नाहीं.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें पार्लमेंटनें कायदा करून लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमिलें. जून १९१७ मध्यें अहवाल बाहेर पडला. बगदादवरील चढाईचा मुख्य दोष सेनापति निक्सन याजवर, व त्याखालोखाल व्हाइसरॉय हार्डिंज आणि सरसेनापति डफ यांजवर ठेविला आहे. नदींतील बोटींचा तुटवडा व जखमींची दुर्दशा यांविषयींचीं प्रकरणें सर्वांत भक्कम आहेत. नोव्हेंबर १९१५ च्या टेसिफोनच्या लढाईंतील जखमी बसऱ्यास कोणत्या अवस्थेंत उतरले, हें मेजर कार्टर या डॉक्टरानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. वरिष्ठांनीं प्रथम त्यालाच गप्प बसवूं पाहिलें; शेवटीं त्याचीच साक्ष खरी ठरली. प्रत्यक्षदर्शी एक साक्षीदार शंभर खलित्यांस भारी, तो असा.

परंतु हीच कसोटी संपूर्ण अहवालास लाविली तर तो उणा पडतो. टाउनशेंड त्या वेळीं तुर्कांच्या कैदेंत; त्याची जबानी झालीच नाहीं. कुतचे शिपाईहि कैदेंतच. म्हणजे वेढा ज्यांनीं सोसला त्यांच्यावांचून वेढ्याचा निवाडा झाला. दुसरें, व्हाइसरॉय व भारतमंत्री यांचा पुष्कळ व्यवहार खाजगी तारांनीं चाले. यास खुद्द कमिशननेंच नांवें ठेविलीं आहेत. कागदच दप्तराबाहेर राहिला तर जबाबदारी कोणाच्या पदरीं घालावयाची? तिसरें, वेजवुड या सभासदानें आपलें मत स्वतंत्र नोंदविलें. तें न वाचतां निष्कर्ष काढणारे अर्धाच कागद वाचतात. परिणामहि चमत्कारिक. भारतमंत्री चेंबरलेन पायउतार झाले, परंतु ज्यांजवर अधिक ठपका त्या हार्डिंज यांचा राजीनामा स्वीकारला गेला नाहीं. सरकारनेंच जो निवाडा पुरता मानला नाहीं, तो इतिहासकारानें अखेरचा कां मानावा?

आमच्या शेजारच्या उदगीरच्या १७६० च्या लढाईची हकीकत आम्ही एकट्या पेशव्यांच्या पत्रांवरून ठरवीत नाहीं. निजामाकडील बाजूहि ताडून पाहतों. तोच नियम येथें लागू आहे. उणी बाजू भरून काढणारा कागद सातारा-रत्नागिरीकडील जुन्या पेन्शनरांच्या घरीं, पदकाशेजारीं घडी घालून ठेविलेल्या पत्रांत शोधिला पाहिजे. बखरीसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या संग्राहकांनीं शिपायाच्या मोडक्या अक्षरांतील त्या पत्रासहि बखरीचाच मान द्यावा. वाळवी दोहोंत भेद करीत नाहीं.

— शिरूर अनंतपाळ