मूक रुग्णाची वेदना : मापनपद्धतींची चिकित्सा

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून सिद्ध होतो. ज्याची वेदना तोच ती जाणतो, या भूमिकेतून वैद्यकशास्त्राने रुग्णाचे कथन प्रमाण मानले. अतिदक्षता विभागात गुंगीत ठेवलेल्या, कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णाबाबत मात्र हे प्रमाणच उपलब्ध नसते. शिवाय गुंगी म्हणजे वेदनाशमन नव्हे. मिडाझोलामसारखे औषध झोप आणते, वेदना शमवीत नाही.

ही उणीव दूर करण्यासाठी दोन मापनश्रेणी पुढे आल्या. फ्रान्समधील पायेन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या श्रेणीत चेहरा, हातांची हालचाल आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणे या घटकांना प्रत्येकी १ ते ४ गुण दिले जातात. कॅनडातील जेलिना व सहकाऱ्यांच्या २००६ मधील श्रेणीत चार घटक असून एकूण गुण ० ते ८ आहेत. दोन्हींसाठी यंत्र लागत नाही. प्रशिक्षित परिचारिकेचे निरीक्षण पुरते. त्यामुळे नवीन जालन्यातील एखाद्या लहान रुग्णालयातही त्यांचा वापर शक्य आहे.

तथापि दोन्ही श्रेणी प्रामुख्याने हालचाल वाचतात. स्नायू शिथिल करणारे औषध दिलेला रुग्ण कितीही वेदनेत असला तरी त्याचे गुण किमानच राहतात. अशा वेळी वाढलेली नाडी व रक्तदाब यांचा आधार घेतला जातो. परंतु ताप, रक्तस्राव व औषधे यांमुळेही ते बदलतात. म्हणूनच २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांना वेदनेचा पुरावा न मानता पुढील तपासणीची सूचना मानले. कमी गुणांचा अर्थ ‘वेदना नाही’ असा नसून ‘खूण दिसली नाही’ एवढाच होतो.

या संदर्भात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांचे प्रकरण उद्बोधक ठरते. त्या गुंगीच्या औषधाखाली नव्हत्या, पण बोलू शकत नव्हत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. समितीच्या तपासणीइतकेच महत्त्व त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या अनुभवाला मिळाले. त्यांच्या आवडीनिवडी व अस्वस्थतेच्या खुणा परिचारिकांना परिचित होत्या.

सारांश, मापनश्रेणी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. गुणांच्या नोंदीशेजारी परिचारिकेचे व नातेवाइकांचे निरीक्षण नोंदवले गेले पाहिजे. तसेच वेदनादायी उपचारापूर्वी, खूण दिसण्याची वाट न पाहता, वेदनाशामक देण्याचा विचार झाला पाहिजे. जो बोलू शकत नाही, त्याच्या मौनाला संमती मानता येत नाही.