मधला फोटो कुठाय?

वरसे गावातल्या आपल्या पोरांनी फोटोंचं प्रदर्शन तयार केलंय. 20 मार्चला, चवदार तळ्याच्या दिवशी लावायचं म्हणतात. मला बघायला बोलावलं. म्हणाले, परखड लिहा. लिहितो. सायक्लोस्टाइलच्या या पानावर फोटो काही उमटत नाही, तेव्हा शब्दांवर भागवून घ्या.

पोरांनी जोड्या लावल्यात. डावीकडं रोह्याला चिकटून उठलेला नवाकोरा बंगला, उजवीकडं कातकऱ्याची कुडाची झोपडी. डावीकडं फाटकावरची संगमरवरी पाटी, उजवीकडं काटक्यांनी बंद केलेलं दार. सगळ्या जोड्यांखाली एकच ओळ: 'श्रीमंती आणि गरिबी'. बघणारा हळहळेल, चुकचुकेल आणि चहा प्यायला जाईल.

ही तऱ्हा जगभर चालते. 2004 साली तुका व्हिएरा या ब्राझिली छायाचित्रकारानं साओ पावलोचा फोटो काढला. भिंतीच्या एका अंगाला पाराइसोपोलिस झोपडपट्टी, दुसऱ्या अंगाला गच्चीगच्चीत पोहण्याचा हौद असलेली इमारत. 2016 पासून जॉनी मिलर ड्रोन उडवून तसलेच फोटो काढतो. त्याचं केप टाउनचं काम मी मानतो. तिथल्या मोकळ्या पट्ट्या, रस्ते, अंतरं गोऱ्या सरकारनं नकाशावर आखली, 1950 चा ग्रुप एरियाज कायदा करून. वरून बघितलं की तो कायदाच जमिनीवर पसरलेला दिसतो. पुढं त्यानं मुंबईवरही ड्रोन नेला. निळ्या ताडपत्र्या, शेजारी टॉवर. खरंच आहे ते. पण आपल्याकडची रेघ आभाळातून कुठं दिसते?

आपल्याच जिल्ह्यातलं महाड घ्या. 19 मार्च 1927 ला तिथं ड्रोन फिरवला असता तर काय दिसलं असतं? तळं, काठ, भोवती सवर्णांची घरं, पाण्यावर आलेली गुरं. कॅलेंडरवर छापावा असा देखावा! रावबहादूर बोल्यांचा ठराव 1923 ला कौन्सिलात मंजूर झाला होता, महाडच्या नगरपालिकेनं 1924 ला तळं खुलं केलं होतं. कागदावर. ज्याला पाण्यापाशी येताच येत नव्हतं तो त्या फोटोत कसा येणार? जो तिथं नाही त्याचा फोटो निघत नसतो. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब पाण्याला भिडले तेव्हा ती रेघ दिसली. सवर्णांनी आपल्या माणसांची डोकी फोडली तेव्हा तर सगळ्यांनाच दिसली.

म्हणून मला सुधारक ओलवे मोठा वाटतो. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे त्याचे फोटो बघा. तो वरून बघत नाही. गटारात उतरलेल्या माणसाजवळ उभा राहतो, मग त्याच्या मागून त्याच्या खोलीत शिरतो. महापालिकेची खोली. नोकरी गेली की खोली गेली. बाप मेला की लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणं वारसाला झाडू मिळतो, आणि खोली टिकवायची म्हणून शिकलेला पोरगाही तो घेतो. टॉवर स्वच्छ का आणि खोली अंधारी का, हे तिथं एकाच माणसाच्या अंगावर कळतं. शेजारी टॉवरचा फोटो डकवायची गरजच पडत नाही.

आता पुन्हा वरसे. मी पोरांना विचारलं, झोपड्या बंद का रे? एक म्हणाला, "वीटभट्टीवर गेलेत सगळे." मग हे भिंतीवर का नाही गड्या? उचल घेतलेली असते, दिवाळीनंतर अख्खं बिऱ्हाड भट्टीवर जातं, पोरांची शाळा सुटते, पाऊस लागेस्तोवर तिथंच. मातीत पाय, डोक्यावर विटा. त्या विटा बंगल्याला लागतात. म्हंजे तुमच्या डाव्या फोटोतून उजव्या फोटोत जायला रस्ता आहे आणि तो भट्टीवरून जातो. नेमका तोच फोटो तुम्ही काढला नाही. बंद दार दाखवून तुम्ही आमच्यासारख्या वाचकाला 'बिचारे' म्हणायला लावलंत. नुसती कीव.

आणि दुसरं. घरात कुणी नसताना घराचा फोटो काढला. बंगलेवाल्याला मात्र विचारलं होतं म्हणे!

20 मार्चची तारीख हुकेल असं तुम्ही म्हणाल. नका लावू त्या दिवशी. त्या दिवशी भट्टीवर जा, कॅमेरा पिशवीत ठेवून. आधी उचल किती, हिशेब कोण लिहितो, ते विचारा. हो म्हणाले तर फोटो काढा. पावसाच्या तोंडाला वाडी परत येईल. प्रदर्शन तेव्हा लावा, पहिलं वाडीत, मग रोह्यात.