‘स्टार वॉर्स’मधील कुळाचा प्रश्न

‘स्टार वॉर्स’ या अवकाशगाथेच्या चाहत्यांत एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. गाथेतला सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता आणि सर्वांत टाकाऊ कोणता? १९७७ ते २०१९ या काळात मुख्य कथेचे नऊ चित्रपट निघाले. २०१६ चा ‘रोग वन’ आणि २०१८ चा ‘सोलो’ हे बाजूच्या कथांचे दोन वेगळे. चाहत्यांची उतरंड बहुधा ठरलेली असते. सर्वांत वर १९८० चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’, तळाशी १९९९ चा ‘द फँटम मेनेस’ किंवा २००२ चा ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’. २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’वरून तर सरळ दोन तट पडले. एकाला तो गाथेचा कळस वाटतो, दुसऱ्याला तो गाथेतून बाद व्हावा असे वाटते. तशा मागणीचे अर्जही निघाले.

या वादात मापे कोणती लावली जातात? तलवारीची झुंज, यानांच्या लढाया, संगीत, संवाद, कथेची वीण. ही मापे खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण एक माप या मंडळींच्या हाती फारसे दिसत नाही. माणसाची थोरवी जन्माने ठरते की त्याच्या करणीने, या प्रश्नाला त्या त्या चित्रपटाने काय उत्तर दिले? हा प्रश्न आम्ही बाहेरून लादत नाही. कोण कोणाचा मुलगा आणि कोणाच्या रक्तात शक्ती, यावरच ही सारी गाथा चालते. पोरांच्या परीकथेत हे कशाला शोधायचे, असे कोणी म्हणेल. नायक कोणाला होता येते हे पोर पहिल्यांदा परीकथेतूनच शिकते, म्हणून शोधायचे.

जॉर्ज लुकस यांचा १९७७ चा पहिला चित्रपट या बाबतीत दोन्हीकडे पाय ठेवून आहे. ल्यूक हा वाळवंटी ग्रहावर काका-काकूंनी वाढवलेला शेतकरी पोर. त्याचा बाप जेडाय योद्धा होता हे त्याला कळते खरे. पण ‘फोर्स’ नावाची शक्ती साऱ्या सजीवांना वेढून आहे, असेच वृद्ध ओबी-वन त्याला शिकवतो. म्हणजे ती कोणाची वतनदारी नाही. याच चित्रपटात एका गुत्त्यातला दारू वाढणारा ल्यूकबरोबरच्या दोन यंत्रमानवांना दारातूनच परत पाठवतो. असल्यांना येथे जागा नाही, असे बजावतो. ल्यूक काय करतो? त्या दोघांना बाहेर थांबायला सांगतो आणि आपण आत जातो. ज्यांच्या आजोबांनी हॉटेलबाहेर उभे राहून वेगळ्या कपात चहा घेतला, त्यांची नजर येथे ल्यूकच्या मागे जात नाही. ती बाहेर थांबलेल्या दोघांवर खिळते.

या दोघांचे मूळही पाहण्यासारखे आहे. अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ च्या ‘द हिडन फोर्ट्रेस’चे ऋण लुकस यांनी मान्य केले आहे. त्या जपानी चित्रपटात राजकन्येची आणि सेनापतीची कथा दोन दरिद्री शेतकऱ्यांच्या नजरेने उलगडते. लुकस यांनी ती नजर घेतली आणि शेतकऱ्यांच्या जागी यंत्रमानव ठेवले. तळचा माणूस पडद्यावर आला तो माणूसपण गमावून.

अर्विन कर्श्नर यांनी दिग्दर्शित केलेला १९८० चा चित्रपट रचनेच्या दृष्टीने गाथेत सर्वांत उजवा आहे, हे चाहत्यांचे मत आम्हांलाही मान्य आहे. मात्र तो का मोठा, याचे त्यांचे उत्तर अपुरे आहे. क्रूरकर्मा डार्थ व्हेडर हाच ल्यूकचा बाप निघतो, हा धक्का सर्वांना आठवतो. त्या दृश्याचे खरे मोल पुढच्या क्षणात आहे. बाप पोराला अवघ्या आकाशगंगेच्या राज्यात वाटा देऊ करतो. हात तुटलेला ल्यूक तो वाटा घेत नाही. खालच्या खोल विवरात स्वतःला सोडून देतो. वारशाला दिलेला हा नकार आहे, आणि नकाराचे मोल दलित साहित्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. दुर्दैवाने पुढच्यांनी यातून नकार उचलला नाही, नाते उचलले. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये लेया ल्यूकची बहीण निघाली आणि अवघ्या विश्वाचा लढा एका घराण्याची भाऊबंदकी होऊन बसला.

आता तळाशी ढकललेल्या १९९९ च्या चित्रपटाकडे वळू. जार जार हे विदूषकी पात्र चाहत्यांच्या सर्वाधिक शिव्यांचे धनी झाले. त्या पात्रात कॅरिबियन काळ्या माणसांची टवाळी आहे असे अनेक समीक्षकांनी तेव्हाच म्हटले होते. पण लोकांचा राग निर्मात्यांपेक्षा ते पात्र रंगवणाऱ्या अहमद बेस्ट या काळ्या नटाने अधिक सोसला. आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत गेलो होतो, असे त्यांनी २०१८ साली जाहीरपणे सांगितले. चाहत्यांची दुसरी तक्रार ‘मिडी-क्लोरियन’ची. रक्तातल्या या सूक्ष्म जीवांची संख्या मोजून शक्ती कोणात किती ते येथे ठरते. बालक ॲनाकिनच्या रक्तात ती वीस हजारांहून अधिक निघते. यामुळे शक्तीचे गूढ गेले, असे चाहते हळहळतात. आमची तक्रार निराळी आहे. सर्वांना वेढणारी शक्ती रक्ताच्या थेंबात मोजली गेली, तेव्हाच ती काहींची झाली आणि बाकीच्यांची राहिली नाही.

याच चित्रपटात गाथेतला सर्वांत मोठा प्रश्न पडलेला आहे. ॲनाकिन आणि त्याची आई श्मी हे गुलाम आहेत. जेडाय गुरू पैजेत पोराला सोडवतो, आईला मालकाकडेच ठेवून जातो. नऊ वर्षांचे पोर आईच्या काळजीने भ्यालेले आहे, हे जेडाय मंडळाला त्याच्यातले वैगुण्य वाटते. त्यानंतरच्या दहा वर्षांत न्यायाच्या या रखवालदारांपैकी एकही तिला सोडवायला परत जात नाही. तिला विकत घेऊन मुक्त करतो तो एक शेतकरी. २००२ च्या चित्रपटात ती टोळीवाल्यांच्या कैदेत, पोराच्या मांडीवर मरते आणि पोर त्या टोळीच्या बायकापोरांचीही कत्तल करते. त्या कत्तलीला क्षमा नाही. पण कथा फक्त त्याच्या क्रोधाची चौकशी करते. गुलामी डोळ्यांदेखत चालू देणाऱ्या धर्मपीठाला पिंजऱ्यात उभे करत नाही. हे चित्रपट उणे ठरतात ते आमच्या मते येथे.

२०१२ साली डिस्ने कंपनीने लुकस यांची संस्था विकत घेतली आणि २०१५ पासून नवे त्रिकूट सुरू झाले. त्याची नायिका रे ही भंगार वेचून पोट भरणारी पोर. ही कोणाची मुलगी, यावर चाहत्यांनी दोन वर्षे तर्क लढवले. २०१७ साली दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी उत्तर दिले: कोणाचीही नाही. तिच्या आईबापांनी तिला दारूच्या पैशासाठी विकले होते. अनेक चाहत्यांना आपली फसवणूक झाली असे वाटले. फसवणूक कशाची? कुळाची. ही अपेक्षा आपल्याकडेही जुनीच आहे. भर रंगमंडपात कर्णाला प्रथम कुळ विचारले गेले. आणि ज्या कथेने त्याचा तो अपमान दाखवला, तिनेही त्याला सूतपुत्र राहू दिले नाही, सूर्य आणि कुंती असे आईबाप दिले. जॉन्सन यांनी रेला असे आईबाप दिले नाहीत. शेवटच्या दृश्यात तबेल्यात राबणारे एक अनाम पोर हात पुढे करते, झाडू आपोआप त्याच्या हातात येतो आणि ते आकाशाकडे पाहते. पेशवाईत कमरेला झाडू बांधावा लागल्याची आठवण ज्या समाजाने जपली, त्याला या दृश्याचा अर्थ कोणी सांगण्याची गरज नाही.

म्हणून हा चित्रपट निर्दोष ठरत नाही. ज्याला नावाऐवजी क्रमांक होता असा, लहानपणीच पळवून सैनिक केलेला फिन २०१५ मध्ये नायकाच्या तोडीचा होता; येथे त्याला आडवाटेच्या कामगिरीवर धाडले आहे. गौरेतर पात्रांना जाहिरातीत पुढे केले आणि कथेत बाजूला सारले, असे फिन साकारणारे जॉन बोयेगा यांनी २०२० साली उघड म्हटले, आणि ते खरे आहे. रोझची भूमिका करणाऱ्या केली मरी ट्रान यांचा तर वंशद्वेषी मजकुराने इतका छळ झाला की २०१८ साली त्या समाजमाध्यमावरून निघून गेल्या. श्रेष्ठ-कनिष्ठाचा वाद नुसत्या रसिकतेचा नसतो, हे यावरून दिसते.

आमच्या मते गाथेतला सर्वांत वाईट चित्रपट २०१९ चा ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी दिलेले परत घेतले. रे ही सम्राट पॅलपटीनची नात ठरली, रोझच्या वाट्याला पडद्यावर दोन मिनिटेही आली नाहीत आणि झाडूवाले पोर पुन्हा दिसलेच नाही. शेवटी एक म्हातारी रेला आडनाव विचारते आणि ती ‘स्कायवॉकर’ म्हणून सांगते. रक्त झुगारून तिने नाव निवडले, हा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. नाव बदलणे हे बंड असू शकते, हे १९५६ चे धर्मांतर पाहिलेल्या समाजाला ठाऊक आहे. पण त्या बंडाने उतरंडच नाकारली होती. रे एका थोर घराण्याचे नाव टाकून दुसऱ्या थोर घराण्याचे घेते; थोर घराणे लागतेच, हा नियम मात्र तसाच राहतो. भाड्याची खोली पाहायला गेल्यावर ज्यांना आधी आडनाव विचारले जाते, त्यांना त्या म्हातारीचा प्रश्न चांगला ओळखीचा आहे. नुसते ‘रे’ एवढे उत्तर त्या पोरीला पुरले असते. ते पुरेल असा विश्वास चित्रपटाला वाटला नाही.

चाहत्यांनी आपली उतरंड खुशाल लावावी. मात्र पुढच्या वेळी वाद घालताना तबेल्यातल्या त्या पोराचे पुढे काय झाले, एवढे त्यांनी एकमेकांना विचारावे.